रुसव्याचा अर्थ

नातवाच्या लग्नाला आठ दिवस राहिले होते. धाकटी नात पुण्याहून सुट्टी काढून गावी आली होती. नवरदेवाची बहीण, त्यामुळं करवलीचा मान तिचा, आणि करवलीपेक्षा जास्त काम तिच्या मोबाइलला. रात्री जेवणं उरकली, तेवढ्यात लाइट गेली. माण तालुक्यात वैशाखात घरात बसवत नाही, म्हणून आम्ही तिघं अंगणात आलो. मी बाजेवर, ती पायाशी घोंगडीवर आणि हिनं उंबऱ्याला पाठ लावलेली.

नातीनं मोबाइलात कार्यक्रमाचा कागद उघडला आणि वाचून दाखवू लागली. साडेदहाला बारात वेलकम. अकराला ब्राइड एन्ट्री. सायंकाळी सातला रिसेप्शन, त्यात कपल डान्स आणि केक कटिंग. आदल्या दिवशी हळदी फंक्शन, ड्रेसकोड पिवळा. मला निम्मं कळेना. आता, शब्द अडला की लाजायचं नाही, विचारायचं, असं मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना सांगत आलो. तेव्हा मीही विचारलं.

ती समजावू लागली. सेव्ह द डेट म्हणजे पत्रिकेच्या आधी पाठवायची पत्रिका. ही उंबऱ्यावरून म्हणाली, "म्हंजी सुपारी फुटल्याचा सांगावा." रिटर्न गिफ्ट म्हणजे आलेल्या पाहुण्याला जाताना द्यायची भेट. ही म्हणाली, "आहेराला उलटा आहेर. त्यात काय नवीन?" हळदीचा ड्रेसकोड ऐकल्यावर मात्र तिला हसू आवरेना. "अगं, डाग पडत्यात म्हणून हळदीला जुनेर नेसायचं. तुमी हळदीसाठी नवं पिवळं घेताय व्हय?"

नात हसली आणि म्हणाली, "आजी, थांब. तुमच्या वेळचे शब्द सांग. मी लिहून घेते."

मग तासभर शब्दच शब्द निघाले. मी एक सांगायचा, हिनं तो दुरुस्त करायचा.

पहिला शब्द निघाला चूलबंद आवतन. आवतन दोन तऱ्हांचं असायचं. घरटी एक माणूस बोलावलं तर एकानंच जायचं. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं. सांगणाऱ्यानं कुठला शब्द वापरला यावरून आपलं त्या घराशी नातं किती हे कळायचं.

मग मुऱ्हाळी. सासरी नांदणाऱ्या लेकीला नुसता निरोप धाडून लग्नाला बोलवायची पद्धत नव्हती. तिचा भाऊ नाही तर चुलता बैलगाडी घेऊन आणायला जायचा, तो मुऱ्हाळी. नात म्हणाली, "म्हणजे पिकअप." ही म्हणाली, "व्हय. पन पिकअपची वाट बघत पोरगी आठ दिस आधीपास्नं दारात हुबी ऱ्हाती का?"

नातीला सगळ्यात आवडला तो वरधावा. वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की नवऱ्याकडचा एक चपळ गडी पुढं पळत, कधी घोड्यावरनं, मांडवात यायचा आणि वर्दी द्यायचा. त्याला गूळपाणी, टॉवेल-टोपी, नारळ. मग गाव वाजतगाजत शिवेकडं निघायचं. दोन्हीकडचे व्याही गळाभेट घ्यायचे, नवरदेव मारुतीच्या देवळात जायचा आणि वऱ्हाड जानवशाला उतरायचं. जानवसा म्हणजे शाळा नाही तर कुणाचा तरी मोकळा वाडा. तिथं टाकायला गावभरातनं बाजा, घोंगड्या, घंगाळी गोळा व्हायची. परत देताना अदलाबदल नको म्हणून बाजेच्या खुराला चुन्याची खूण करायची. आमच्या बाजेवर दोन टिपके असायचे. ते टिपके गावातल्या किती लग्नांत जाऊन आले असतील, मोजदाद नाही. मंगल कार्यालयात गाद्या भाड्याच्या, खोल्यांना एसी. सोय शंभर पटीनं वाढली. पण माझ्या बाजेवर कोण झोपलं होतं आणि त्याला झोप लागली का, ही चौकशी करायची वेळ आता कुणावर येत नाही.

"किती छान होतं ना सगळं!" नात म्हणाली.

ही जरा थांबली. मग म्हणाली, "छान हुतं. पन कुनाला, ते बी लिही."

तिनं पायघड्यांचं सांगितलं. वरमाय जानवशातनं मांडवाकडं निघाली की परटानं तिच्या पायाखाली लुगडी अंथरायची. ती पुढं सरकली की मागची उचलायची, पुन्हा पुढं पळत जाऊन टाकायची. वरमाईचा पाय भुईला लागायचा नाही. मुलीच्या आईनं तिचे पाय धुवायचे. वरमाई मुद्दाम सावकाश चालायची. उन्हात वाकून परीट आणि त्याची बायको घामाघूम. पायघड्या आता फक्त पेपरात उरल्यात, कुणी कुणाची हांजी हांजी केली की बातमीत येतात. शब्द राहिला, लुगडी गेली, आणि वाकलेली माणसं तर शब्दात कधी आलीच नव्हती.

पंगतीचंही तसंच. पंगतीत वाढप्या आग्रह करतो, माणूस माणसाकडं बघून जेवतो, हे सगळं खरं. मीही बुफेच्या रांगेत ताट घेऊन उभं राहायला कुरकुरतो. पण मला हेही आठवतं, की शेवटची पंगत कुणाची हे ठरलेलं होतं. ज्यांनी चार दिवस मांडवापुढं वाजवलं, तोरणं बांधली, लाकडं फोडली, ते मांडवाबाहेर आपापली भांडी घेऊन बसायचे, आणि त्यांच्यापर्यंत येईस्तोवर गोड संपलेलं असायचं. माझ्या बरोबरीचा, वर्गात माझ्याशेजारी बसणारा एक पोरगा त्या पंगतीत असायचा. मी पहिल्या पंगतीत जेवून हात वाळवत त्याच्यासमोरनं जायचो. तो वर बघायचा नाही. बुफेच्या रांगेत पहिली-शेवटची पंगत नाही. त्या रांगेचा हा गुण मी मान्य केलाच पाहिजे.

नातीनं हेही लिहून घेतलं. मग म्हणाली, "आबा, रुसवा म्हणजे काय? लग्नात नवरदेव रुसायचा म्हणे."

ही माझ्याकडं बघून म्हणाली, "त्ये तुझ्या आबाला इचार. त्यांच्याएवढं चांगलं कोन सांगनार?"

आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. अंधार होता ते बरं झालं.

आमचं लग्न 1974 च्या मे महिन्यातलं. मला मास्तरकी लागून दोन वर्षं झाली होती. 1972 चा दुष्काळ सरून दोन पावसाळेही धड झाले नव्हते. माझे सासरे चार एकर जिराईतवाले. दुष्काळात सासू-सासऱ्यांनी दोघांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, पोरांनी सुकडी खाऊन दिवस काढले होते. पण हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतंच म्हणा.

आम्ही हुंडा घेतला नव्हता. वडिलांना त्याचा अभिमान आणि मला तर त्याहून जास्त. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. मास्तर माणूस, कायदा मोडून कसं चालेल? शिवाय दर 11 एप्रिलला जोतीराव फुल्यांच्या जयंतीला शाळेत भाषण माझंच. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला, भटजीवाचून आणि डामडौलावाचून, हे मी पोरांना तारखेसकट पाठ करून घ्यायचो. त्या भाषणाला महिना उलटला आणि मी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढलो.

अक्षता पडल्या, पंगत बसली. नवरदेवाच्या ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती. नवरदेवानं पहिला घास घेतल्याबिगर कुणी जेवायचं नाही ही रीत. आणि त्या घासाच्या आधी नवरदेवानं रुसायचं, हीही रीत. शेजारी माझे दोस्त बसलेले. त्यांनी कोपरखळी मारली, "मास्तर, हात मागं घ्या. हीच येळ हाय." मी हात मागं घेतला.

सासरे धावत आले. "काय झालं गुरुजी? काय चुकलं का?" मी काही बोललो नाही. दोस्तच म्हणाले, "नवरदेवाला शाळा लांब पडती. चार कोस चालून पाय दुखत्यात." मांडवात हशा पिकला. सासऱ्यांना कळलं. त्यांनी आधी चांदीची अंगठी पुढं केली, घरचीच असावी. मी मान हलवली नाही. मग त्यांचा भाऊ आला, मग गावचा पाटील. दीडेकशे माणूस भरल्या ताटावर बसून होतं. भातावरचं वरण निवलं. लहान पोरं रडायला लागली, त्यांना आया गप्प करत होत्या. पाव तास गेला असेल. मला आतनं लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा गंमत जास्त वाटत होती, हे आज लिहायलाच हवं. आयुष्यात पहिल्यांदा दीडशे माणसं माझ्या एका घासासाठी थांबली होती.

शेवटी सासरे खाली बसले, माझ्या ताटापाशी, उकिडवे. म्हणाले, "दिवाळीला सायकल दारात येईल. माझा शब्द. आता घास घ्या, माणसं उपाशी हायती."

मी घास घेतला. वाजंत्री वाजली.

दिवाळीला सायकल आली. नवीकोरी, काळी, कॅरेजवाली. 1993 साली मोपेड घेईस्तोवर मी ती चालवली. तिच्यावरनं शाळेत गेलो, दोन्ही पोरांना दांडीवर बसवून जत्रेला नेलं. आणि दर 11 एप्रिलला त्याच सायकलवरनं जाऊन भाषण केलं.

1989 साली सासरे वारले. तेराव्याला मेहुणा आणि मी गोठ्याच्या कडेला बसलो होतो. गोठा रिकामाच होता. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "दाजी, तुमची सायकल म्हंजी आमची कालवड हुती बरं का." दुष्काळात सगळी जनावरं विकली, पण एक वासरू सासऱ्यांनी राखलं होतं. चारा नव्हता तर वडा-पिंपळाचा पाला ओरबाडून आणून ते जगवलं. कामावरनं आले की आधी तिच्यापुढं पाला, मग स्वतःपुढं भाकरी. 74 च्या दिवाळीत ती गाभण होती. पहिल्या विताला दूध निघेल, पोरांच्या तोंडाला लागेल, अशी आशा होती. म्हसवडच्या बाजारात ती विकली आणि सायकल घेतली. मेहुण्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

त्या रात्री मी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मग? मीच तिला पाला टाकत हुते."

"मग पंधरा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कुठं इचारलंत?"

एवढंच बोलणं झालं. पुढं मी मेहुण्याला एकदा म्हणालोही, की तुला एक गाय घेऊन देतो. तो हसला. म्हणाला, "दाजी, आता गोठ्यात मोटारसायकल लावतो. गाय बांधू कुठं?" देणं फेडायची इच्छा झाली तेव्हा घेणारा राहिला नव्हता, आणि गोठाही.

हे सगळं मी त्या रात्री नातीला सांगितलं. पोरांना कधी सांगितलं नव्हतं. ती गप्प झाली. मग तिनं अगदी तोच प्रश्न विचारला, जो मी स्वतःला इतकी वर्षं विचारत होतो. "पण आबा, ती रीतच होती ना? सगळेच रुसायचे. मग तुमचं एकट्याचं काय चुकलं?"

या प्रश्नाचा आधार मी पुष्कळ वर्षं घेतला होता. रीत होती. मी नसतो रुसलो तर लोक म्हणाले असते, नवरदेव बावळट आहे. आजच्या फूटपट्टीनं कालची माणसं मोजू नयेत, असंही म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण माझ्या बाबतीत ही सबब टिकत नव्हती. मला ती फूटपट्टी तेव्हाही ठाऊक होती. मी ती शाळेत पोरांच्या हातात देत होतो. 1873 साली माणसांनी ठरवून रीत बदलली, हे सांगणारा मी, 1974 साली म्हणतो की रीत आहे, माझा काय इलाज? आणि ती सायकल पाच-सहा महिने पगारातले पैसे बाजूला टाकले असते तर माझी मलाच घेता आली असती.

मी हे बोलून दाखवत होतो, तेवढ्यात ही मधेच म्हणाली, "रुसव्याला नावं ठिऊ नगा. रुसवा वंगाळ न्हवता."

आम्ही दोघं तिच्याकडं बघायला लागलो.

"माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरदेव रुसला. काय पायजे म्हटलं, तर म्हनला, सासूबाईंनी आपल्या हातानं घास भरवावा. त्याला आय न्हवती. माझ्या आयनं भरवला. सगळा मांडव रडला. त्यो रुसवा. घरातलं पोरगं रुसतं तसं परक्याचं पोरगं रुसतं आन आपन त्याला मनवतो, मग त्ये आपलं हुतं. ज्याच्यापाशी जे हाय त्येच मागायचं, आन न्हाई म्हटलं तर हसून जेवायचं. ह्यांनी रुसवा क्येलाच न्हाई. ह्यांनी अडवलं. रुसनं येगळं, अडवनं येगळं."

पन्नास वर्षांनी निकाल लागला, आणि तोही एका शब्दाच्या फरकात.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटायचं, रीत वाईट होती आणि मी त्या रितीत सापडलो. हिचं म्हणणं उलटं होतं. रीत खेळाची होती, खेळाला शीव होती, आणि ती शीव मी ओलांडली. ओलांडताना नाव मात्र खेळाचंच ठेवलं. हुंडा म्हणालो असतो तर माझी मलाच लाज वाटली असती. रुसवा म्हणालो म्हणून मांडव हसला आणि मला घास गोड लागला. गोड नावाखाली कडू काम झाकलं. चांगल्या शब्दाचा याहून मोठा घात कुठला? रुसवा हा शब्द पुढं बदनाम झाला आणि गेला, त्यात माझ्यासारख्या हजार नवरदेवांचा हात आहे. कायद्यानं नाही मारला, शहरानंही नाही. आम्ही तो आतनं पोखरला.

आणि ही खोड जुन्या शब्दांपुरतीच आहे असंही नाही. "आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या मुलीला जे द्याल ते" हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत कितीतरी बैठकीत ऐकलं. त्यातल्या 'काही नाही'चा अर्थ कधी चारचाकी निघाला, कधी फ्लॅटचा पहिला हप्ता. 'गिफ्ट' हा शब्दही तसाच गुळगुळीत आहे. तेव्हा जुने शब्द गेले म्हणून रडावं की नवे आले म्हणून हसावं, हा वादच मला आता खोटा वाटतो. शब्द कुठलाही असो, त्याच्या आडून कोण वाकतंय आणि कुणाची कालवड बाजारात चाललीय, ते बघायला पाहिजे. जुने शब्द जपायचेच असतील तर एवढ्यासाठी जपावेत, की रुसणं आणि अडवणं यातला फरक सांगायला आपल्याकडं दोन शब्द असावेत. दोन्हीला एकच शब्द उरला, की बोलणाऱ्याची सोय होते आणि सोसणाऱ्याची जीभ जाते.

नातीनं मोबाइलात रुसवा लिहिलं आणि विचारलं, "अर्थ काय लिहू?" हिनं सांगितलं आणि तिनं लिहिलं: ज्याच्यापाशी जे आहे तेच मागणे, आणि न मिळाल्यास हसून जेवणे. खाली कंसात मी लिहायला लावलं: आबांनी 1974 साली केला तो रुसवा नव्हे.

लग्न झोकात झालं. नातीनं एक खोडी केलीच. बारात वेलकमच्या आधी आठ वर्षांच्या चुलतभावाला टोपी घालून कार्यालयाच्या फाटकातनं आत पळवलं. "वऱ्हाड शिवेवर आलंय होऽ" असं तो ओरडला. मुलीकडच्या जुन्या बायका आधी चपापल्या, मग एकीनं पर्समधला नारळ नाही पण पेढा काढून त्याच्या तोंडात घातला. पुढं मुलीच्या बहिणींनी नवरदेवाचे बूट लपवले. ही सिनेमातनं आलेली रीत, आपली नव्हे. मागणी एकवीस हजारांची, तोड निघाली एकवीसशेवर, आणि दोन्हीकडं हसू. ही माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यो बराय. शीव हाय ह्याला."

संध्याकाळी रिसेप्शनला बुफेच्या रांगा लागल्या. मुलीचे वडील टेबलांच्या कडेनं हात जोडून उभे होते, सकाळपास्नं तसेच. कोल्ड्रिंकसुद्धा कुणी त्यांच्या हातात दिलं नसावं. पन्नास वर्षांपूर्वी एक माणूस असाच माझ्या ताटापाशी उकिडवा बसला होता, आणि तो जेवला की नाही हे मी विचारलं नव्हतं. मी दोन ताटं वाढून घेतली आणि त्यांच्याकडं गेलो.

ते गडबडले. "आबा, तुम्ही कशाला? काही कमी आहे का? काही चुकलं का?"

शब्दही तेच. मी म्हणालो, "मी रुसलोय. तुम्ही बसल्याबिगर जेवणार नाही."

ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले.